आरएक्स-८ चढावर धापा टाकतेय, इंजिनाचा दिवा लुकलुकतोय. कॅट बदलू का?

घाटवळण:

नमस्कार मंडळी,

वाहन विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही रडगाणं घेऊन. गाडी माझदा आरएक्स-८, २००५ची, सहा गिअरची मॅन्युअल. मुक्काम बे एरिया, कॅलिफोर्निया. सेकंडहँड घेतलेली, ओडोमीटर ७८,००० मैलांच्या आसपास.

लक्षणं अशी. सकाळी थंड असताना गाडी एकदम शहाण्यासारखी चालते. पण लॉस गॅटोसहून सांताक्रूझकडे निघालो आणि हायवे १७चा चढ लागला की संपलं. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की साडेचार हजार आरपीएमला हिसके सुरू होतात आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. पाय सोडला की लुकलुकणं थांबतं, पण दिवा पेटलेलाच राहतो. त्यानंतर सिग्नलला उभं राहिलं तर अख्खी गाडी थरथरते. मागून कधी कच्च्या पेट्रोलचा वास, कधी सडक्या अंड्याचा. आणि ९००० पर्यंत फिरणारं हे इंजिन आता ६०००च्या वर जायला राजीच नाही. नुसता आवाज वाढतो, वेग नाही.

कोड रीडर लावून बघितला, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड दोन: पी-०३०२ आणि पी-०४२०.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) गेलाय, नवीन घाला. इथे कॅलिफोर्निया एअर बोर्डाची (हवेच्या प्रदूषणावर नजर ठेवणारं सरकारी मंडळ) मान्यता असलेलाच कॅट लागतो, म्हणजे मजुरीसकट चार आकडी डॉलरचा बुर्दंड. कॉइल-प्लगचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागांचं, विचारलं तर म्हणाले, आधीच्या मालकाच्या पावतीत चारही कॉइल नवीन दिसतायत, मग तिकडे कशाला बघायचं?

तर प्रश्न सरळ आहे. घालू का कॅट?

तिसरा गिअर:

नका घालू. निदान आत्ता तरी नको. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होईल.

तुमचे दोन कोड वेगवेगळे आजार नाहीत, एकामुळे दुसरा आलाय. पी-०३०२ म्हणजे मागच्या रोटरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटतच नाही. पी-०४२० म्हणजे कॅट आपलं काम पुरेसं करत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही एकदम कॅटमध्ये पोचले की ते तिथे जळतात. आतलं चिनी मातीचं जाळं इतकं तापतं की वितळतं, तुकडे पडतात, वाट बुजते. मिसफायर तसाच ठेवून नवा कॅट घातला तर तोही त्याच वाटेने जाणार, आणि तुम्ही पुन्हा चार आकडी चेक फाडणार.

आणखी एक घोळ याच्याच पोटात असतो. एक्झॉस्टमध्ये कॅटच्या आधी बसवलेला, पुढचा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. ठिणगी चुकली की तो घास तसाच्या तसा बाहेर येतो आणि त्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो. सेन्सर ओरडतो, ‘मिश्रण पातळ आहे!’ कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल ओततो. म्हणजे आधीच न जळणाऱ्या पेट्रोलात भर. तुमच्या रीडरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा) किती दिसतोय? अधिक १०च्या आसपास असेल तर हेच चाललंय, असा माझा अंदाज.

दिवा लुकलुकतो त्याचा अर्थ ‘सवडीने बघा’ असा नाही. पेटून राहिलेला दिवा म्हणजे कोड नोंदला गेलाय. लुकलुकणारा म्हणजे या क्षणी कॅट खराब होईल इतका मिसफायर चालू आहे. पाय सोडा, गाडी हळू घरी न्या, आणि निदान होईपर्यंत १७ विसरा.

तीन गोष्टी सांगा:
इंजिन पूर्ण तापल्यावर बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं तर लगेच चालू होतं का?
हिसके भार आल्यावर येतात की ठरावीक आरपीएमला?
आणि ती पावती कुठल्या कॉइलची आहे?

चहाबिस्किट:

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पण अडाण्यासाठी कोणीतरी सांगा, ‘मागचा रोटर’ म्हणजे काय? आमच्या स्विफ्टला सिलिंडर असतात.

वांकेलभक्त:

चहाबिस्किट, या गाडीला पिस्टन नाहीतच. शेंगदाण्याच्या शेंगेच्या आकाराच्या पोकळीत समोशासारखा फुगीर त्रिकोण फिरतो, तो रोटर. त्याची तीन तोंडं आळीपाळीने हवा ओढतात, दाबतात, जाळतात, बाहेर टाकतात. आरएक्स-८च्या इंजिनात असे दोन रोटर एकामागे एक, दोन्ही मिळून १३०८ सीसी. म्हणून पी-०३०१ पुढच्या रोटरचा, पी-०३०२ मागचा आणि पी-०३०० म्हणजे नक्की कुठला ते कॉम्प्युटरला सांगता येत नाही.

मी जर्मनीत नेकारसुल्मला असतो. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरून चालतं इंजिन याच गावच्या एनएसयू कंपनीने केलं. १९६४मध्ये त्यांनी स्पायडर आणली, वांकेल इंजिनवर विक्रीला आलेली पहिली गाडी. १९६७ला आरओ-८०. माझदाने परवाना घेतला तेव्हा पोकळीच्या आतल्या भिंतीवर रोटरच्या टोकांच्या पट्ट्या थरथरून ओरखडे उठायचे. जपानी इंजिनिअर त्याला ‘सैतानाचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या चमूने तो प्रश्न सोडवला आणि १९६७मध्येच कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. पुढे १९९१ला ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणारी माझदा ७८७बी. तिला चार रोटर आणि प्रत्येक रोटरला तीन प्लग.

हे प्लगचं अवांतर वाटेल, पण नाही. आरएक्स-८ला प्रत्येक रोटरमागे दोन प्लग असतात. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. एकूण चार प्लग, चार कॉइल. आता हिशोब बघा. रोटर एक फेरी मारतो तेव्हा मधला शाफ्ट तीन मारतो, आणि रोटरला तोंडंही तीन. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरचा एक स्फोट. स्विफ्टमध्ये एका सिलिंडरचा स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा. ९००० आरपीएमला आरएक्स-८चा एकेक कॉइल सेकंदाला १५० ठिणग्या टाकतो. तेवढ्याच आरपीएमला पिस्टनवाल्या इंजिनाचा, प्लगवरच बसणारा कॉइल ७५ टाकेल. म्हणून या गाडीत कॉइल हा आयुष्यभराचा भाग समजायचा नसतो. टायरसारखीच झिजणारी वस्तू धरून चाला.

चहाबिस्किट:

कळलं. समोसा बंद पडला की धागा निघतो.

जुनाजाणता:

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विकून टाका आणि कॅमरी घ्या. तेल पिणारी, पेट्रोल पिणारी आणि शेवटी मालकाचं रक्त पिणारी गाडी. माझदाने स्वतः या इंजिनाची वॉरंटी अमेरिकेत ८ वर्षं आणि एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती, ती उगाच नव्हे.

तिसरा गिअर:

काका, वॉरंटीचं खरं आहे, पण ती मुदत कधीच उलटली. आणि तेल पिण्याचं म्हणाल तर ती पिणार, तशीच बनवलेली आहे. रोटरच्या टोकांच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून इंजिन स्वतःच थोडं थोडं तेल आत सोडतं. पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची सवय नसेल तर मात्र कॅमरीच बरी.

घाटवळण, उत्तरांची वाट बघतेय.

घाटवळण:

ताई, ही घ्या.

तापलेली असताना चालू होते. किंचित जास्त वेळ स्टार्टर फिरवावा लागतो, पण होते. हिसके भारावर येतात. न्यूट्रलमध्ये उभ्या उभ्या ७००० पर्यंत आरपीएम नेले तर तितका त्रास नाही. तीच साडेचार हजारची सुई चढावर असली की धिंगाणा. फ्यूएल ट्रिम अधिक ९ ते ११ मध्ये फिरतोय, तुमचा अंदाज बरोबर.

पावतीवर कंपनीचं नाव नाही. ‘इग्निशन कॉइल, ४ नग, सेट’ एवढंच, आणि किंमत अशी की मूळ कंपनीचा एकसुद्धा कॉइल त्यात येणार नाही.

पाना नंबर १०:

पुण्याहून हजेरी. आमच्याकडे आरएक्स-८ येत नाही, पण मिसफायर रोज येतो. तो कुठल्याही गाडीत तसाच वागतो.

भारावर हिसके आणि न्यूट्रलमध्ये नाहीत, हे ठिणगीचं लक्षण. आतला दाब जितका जास्त, तितकी ठिणगी उडी मारायला व्होल्टेज जास्त लागतं. न्यूट्रलमध्ये आत हवाच कमी जाते, मरतुकडी ठिणगीसुद्धा निभावून नेते. चढावर थ्रॉटल उघडला की तिचं पितळ उघडं पडतं. तापल्यावर वाढतं, कारण गरम कॉइलची तार जास्त अडवते आणि आतलं इन्सुलेशन फाटलेलं असेल तर करंट तिथूनच पळ काढतो. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप कमजोर असता तर हळूहळू दम गेला असता, असे हिसके देत नाही सहसा. सहसा म्हणतोय, शंभर टक्के नाही.

भाऊ, पैसे न घालता हे करा:

पुढचं चाक काढा, प्लग दिसतील. चारही बाहेर काढून क्रमाने फडक्यावर मांडा. कुठला कुठून आला ते टेपवर लिहून चिकटवा, लीडिंग आणि ट्रेलिंग प्लग वेगळे असतात, अदलाबदल चालत नाही. नंतर पुढच्या आणि मागच्या रोटरचे लीडिंग कॉइल आपसात बदला, बाकी कशाला हात लावू नका. कोड पुसा आणि बघा मिसफायर जागा बदलतो का. बदलला तर कॉइल. नाही बदलला तर प्लग, केबल, इंजेक्टर किंवा मग इंजिनाच्या आत.

तिसरा गिअर:

+१. फक्त एक पुस्ती. या इंजिनात दोन प्लग असल्याने एक मेला तरी दुसरा थोडंफार जाळतो. खास करून ट्रेलिंग कॉइल गेला तर कित्येकदा कोडच येत नाही. गाडी नुसती सुस्तावते आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. म्हणून ‘ट्रेलिंगचा कोड नाही, म्हणजे ट्रेलिंग ठणठणीत’ असं धरू नका. चौघांनाही तपासा.

मधल्या काळात कोणी ‘एअर फिल्टर बदल, मास सेन्सर साफ कर, इंजेक्टर क्लीनर ओत’ असं सांगितलं तर ऐकून घ्या आणि काहीही करू नका. एका वेळी एकच बदल. नाहीतर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

हिरवा सिग्नल:

सगळं सोडून कॅटचं आतलं जाळं फोडून टाका ना! हातोडा आणि छिन्नी, अर्ध्या तासाचं काम. आमच्या इथे सर्रास करतात. गाडी मोकळा श्वास घेते.

तिसरा गिअर:

कॅलिफोर्नियात नाही चालणार. तिथेच कशाला, अमेरिकेत कुठेच ते कायदेशीर नाही. दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाची तपासणी, असतो, त्यात कॅट आहे का, मान्यतेचा नंबर त्यावर आहे का, हे डोळ्यांनी बघतात, आणि पोकळ कॅटचा पी-०४२० कॉम्प्युटर सांगतोच. शिवाय मिसफायर तिथल्या तिथेच राहील, फक्त मागच्या गाडीवाल्याला वास जास्त येईल.

वांकेलभक्त:

‘पॉवर कमी झाली’ यावरून आठवलं. या गाडीच्या पॉवरचा वाद अमेरिकेत ती आली तेव्हापासूनचा. माझदाने सुरुवातीला २४७ अश्वशक्ती जाहीर केली होती, मग २००३मध्ये आकडा २३८ वर आणला आणि ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांच्याकडून गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. त्याच वर्षी हे इंजिन ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ही ठरलं! तेव्हा घाटवळण यांच्या गाडीत नक्की किती घोडे पळालेत ते मोजताना मूळचे किती होते यावरच भांडण व्हायचं.

बाकी चालू द्या.

घाटवळण:

शनिवारी चाक काढलं. सविस्तर लिहितो.

पुढच्या रोटरचे दोन्ही प्लग राखाडी-तपकिरी, कोरडे. मागचा ट्रेलिंगही साधारण तसाच, थोडा काळपट. मागचा लीडिंग मात्र ओला. चिनी मातीच्या भागावर काजळीचा लेप, बोट फिरवलं तर काळं लागलं आणि पेट्रोलचा वास आला. इलेक्ट्रोड झिजलेले नाहीत, म्हणजे प्लग फार जुने नसावेत.

मग चारही कॉइल बाहेर काढून खिडकीच्या उजेडात बघितले. मागच्या लीडिंगच्या तोंडाशी, जिथे केबलचं रबरी बूट बसतं तिथून, केसाएवढी राखाडी रेघ खाली ब्रॅकेटच्या धातूपर्यंत उतरलेली. पुसली, गेली नाही. नखाला किंचित खाच लागते. कनेक्टरची एक कडीही तुटलेली, नुसतं दाबून बसवलेलं होतं.

पाना दादांनी सांगितलं तसे दोन्ही लीडिंग कॉइल आपसात बदलले, कोड पुसले. थंड असताना वीस मिनिटं शहरात फिरवली, काही नाही. मग घराजवळच्या एका छोट्या चढावर तापलेल्या गाडीला थोडा भार दिला, दिवा लुकलुकल्याबरोबर पाय सोडला.

पी-०३०१.

पाना नंबर १०:

घ्या! मिसफायर कॉइलबरोबर पुढे सरकला. ती रेघ म्हणजे ठिणगीने पाडलेली पायवाट. करंट प्लगपर्यंत जाण्याऐवजी कॉइलच्या अंगावरून ब्रॅकेटला उतरतोय. एकदा कोळशाची रेघ पडली की करंट प्रत्येक वेळी तीच वाट धरतो. पुसून, सँडपेपर मारून उपयोग नाही.

चारही कॉइल एकाच स्वस्त सेटचे आहेत, तेव्हा एक बदलून थांबू नका. चारही मूळ प्रतीचे घ्या आणि केबलपण नवीन घ्या. फुटलेल्या बुटातून ठिणगी निसटली तर नव्या कॉइललाही अशीच रेघ पडेल. तुटलेल्या कडीचा कनेक्टरही बदला, तो हलला तरी हिसका येतो.

चहाबिस्किट:

‘ठिणगीने पाडलेली पायवाट’. पाना दादा, कविता विभागातही येत जा.

घाटवळण:

चारही कॉइल, केबल, कनेक्टर, मागचा लीडिंग प्लग, सगळं बसलं. मिसफायर गेला! आयडलला गाडी स्थिर, ट्रिम काही दिवसांत अधिक ३ वर आला. चढावर साडेचार हजारला हिसका नाही, दिवा नाही.

पण पॉवर आली नाही. ५५०० पर्यंत ठीक, नंतर पुन्हा तेच, आवाज वाढतो, वेग नाही. म्हणजे गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर होतं की काय?

तिसरा गिअर:

निम्मं बरोबर. कॅट गेलेला असू शकतो. पण तो पहिल्यांदा बदलायचा नव्हता, एवढंच.

आता अंदाज बांधायचं कारण नाही, मोजता येतं. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात बॅकप्रेशर गेज (एक्झॉस्टमध्ये धूर तुंबून किती दाब होतोय ते मोजणारं) लावा. सेन्सर काढल्याचा कोड येईल, घाबरू नका, नंतर पुसता येतो. ढोबळ ठोकताळा असा: आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत असावं. त्याहून बरंच जास्त आलं तर वाट बुजलीय.

दुसरा संशयित मी विसरू देणार नाही. या सहा-पोर्टवाल्या (हवा आत घ्यायला सहा भोकं असलेल्या) इंजिनात साधारण ३७५० आरपीएमला एक जादाची झडप उघडते, एसएसव्ही. ती काजळीने अडकली की वरच्या टप्प्यात गाडी अशीच गुदमरते. आरसा धरून कोणाला तरी आरपीएम वाढवायला सांगा आणि तिचा रॉड हलतो का बघा. तुमची पॉवर ५५००ला जातेय, ३७५०ला नाही, म्हणून माझा कल कॅटकडे. तरी बघून घ्या, फुकट आहे.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. कॅटवर चार आकडी खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आत हवा किती जोरात दाबतं ते, तपासा. तापलेली असताना स्टार्टर जास्त फिरवावा लागतो म्हणालात ते मला आवडलेलं नाही. इंजिनच थकलेलं असेल तर नवा कॅट कोणासाठी?

जुनाजाणता:

कॉम्प्रेशन तर कुठलंही गॅरेज मोजून देईल. दहा मिनिटांचं काम.

तिसरा गिअर:

नाही काका, इथेच लोक फसतात. साधं गेज सगळ्यात मोठा आकडा पकडून ठेवतं. रोटरला तीन तोंडं. दोन मेलेली आणि एक चांगलं असेल तरी गेज चांगलाच आकडा दाखवणार. तीनही वेगळे मोजणारा रोटरीचा टेस्टर लागतो. तो नसेल तर साध्या गेजमधली झडप काढून सुईचे ठोके बघायचे, तीन सारखे हवेत. त्याने तब्येत कळते, आकडा नाही.

आकड्यासोबत स्टार्टरचा वेगही लिहायचा. बॅटरी उतरलेली असेल, मोटर मंद फिरली, तर चांगलं इंजिनही आजारी दिसतं. म्हणून सगळे आकडे २५० आरपीएमवर आणून बघतात. माझदाच्या मॅन्युअलप्रमाणे किमान ६८० किलोपास्कल, म्हणजे ६.८ बार. एकाच रोटरच्या तोंडांत १.५ बारपेक्षा जास्त फरक नको आणि दोन रोटरांत १ पेक्षा जास्त नको. निरोगी इंजिन ८.३च्या आसपास असतं.

माझ्याकडे टेस्टर आहे आणि मी सॅन होजेत आहे. इंजिन पूर्ण तापवून आणा, बॅटरी चार्ज करून. थंड इंजिनावर मोजणार नाही. व्यनि करते.

घाटवळण:

ताईंच्या गराजमध्ये तपासणी झाली. गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला, कॉइलचे कनेक्टर काढले, मी आत बसून पाय पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला. २५०वर आणलेले आकडे, बारमध्ये:

पुढचा रोटर ७.६, ७.५, ७.७
मागचा रोटर ७.१, ६.९, ७.२

बॅकप्रेशर आयडलला २ पीएसआय, आणि २५०० आरपीएमला साडेपाच! एसएसव्हीचा रॉड मात्र हलतोय, व्यवस्थित.

तिसरा गिअर:

सगळ्यांसाठी लिहिते. इंजिन पास आहे, पण काठावर. मागचा ६.९ म्हणजे मर्यादेच्या नावापुरता वर. आपसातले फरक मात्र कमी आहेत, म्हणजे एखादी पट्टी तुटलेली नाही, सगळं सारखं झिजलंय. मागचा रोटर जास्त थकलाय यात मला नवल वाटत नाही, मिसफायर त्याचाच होता. कच्चं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि पट्ट्या कोरड्या घासतात. किती त्याने झालं आणि किती वयाने, ते कोणी सांगू शकणार नाही.

अशा इंजिनावर मी कॅट घातला असता. मागच्या रोटरचा आकडा ६.५ आला असता तर नसता घातला, आधी इंजिन उघडायचं की गाडी काढायची ते ठरवलं असतं.

वांकेलभक्त:

माझं मत थोडं वेगळं. ६.९वर मी एवढा महागडा कॅट घालायला धजलो नसतो. या इंजिनाचे एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर पडायची भोकं) बाजूच्या भिंतींत आहेत, जुन्या आरएक्स-७सारखे परिघावर नाहीत. काजळी बाजूच्या पट्ट्यांत बसते आणि आकडा घसरायला लागला की भराभर घसरतो. पण गाडी तुमची, खिसा तुमचा.

तिसरा गिअर:

म्हणूनच तिला अधूनमधून लाल रेघेपर्यंत फिरवायची असते, तापल्यावर. काजळी त्याने कमी राहते. आणि थंड गाडी चालू करून दहा फूट सरकवून बंद करायची नाही, प्लग भिजतात. भिजलेच तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारायचा, इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल बाहेर फेकलं जातं.

घाटवळण:

दोघांचंही वाचलं, रात्रभर डोकं खाजवलं आणि कॅट घातला. एअर बोर्डाची मान्यता असलेला, नंबर ठोकलेला. जुना कापून बघितला. पुढच्या तोंडाशी जाळं वितळून गोळा झालं होतं, मागे मूठभर तुकडे खुळखुळत होते. बॅकप्रेशर आता आयडलला एकच्या खाली.

काल १७ चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये सुई ८५००ला लागली.

एक शंका. कोड पुसले आहेत, स्मॉग चेक पुढच्या महिन्यात. लगेच जाऊ का?

पाना नंबर १०:

तिथले नियम तिसरा गिअर सांगतील. पण ते वितळलेले तुकडे इकडे पाठवा राव, त्या ‘फोडून टाका’वाल्यांना दाखवायला ठेवतो.

हिरवा सिग्नल:

वाचतोय मी. :)

तिसरा गिअर:

लगेच नको. कोड पुसले की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात, त्या पुन्हा पूर्ण व्हाव्या लागतात. २०००नंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त इव्हॅपची (पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेची) एक चाचणी अपूर्ण राहिलेली चालते, बाकी सगळ्या तयार हव्यात. थंड इंजिन सुरू करा, थोडं शहरात, थोडं हायवेवर एकसारख्या वेगाने, असं काही दिवस चालवा. रीडरवर सगळ्या ‘तयार’ दिसल्या की मगच जा. मधल्या काळात बॅटरीची वायर काढू नका, पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

घाटवळण:

सगळ्या तयार दिसल्या, स्मॉग पास. कॅटवरचा नंबर टॉर्च मारून वाचून घेतला त्यांनी. ताई, दादा, वांकेलभक्त, मनापासून आभार. जुनाजाणता काका, कॅमरी अजून घेतलेली नाही.

जुनाजाणता:

बघू, सहा महिन्यांनी याच धाग्यावर या.

नवखा ड्रायव्हर:

धागा वरती काढतोय. सॅक्रामेंटोला एका वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात २००७ची आरएक्स-८ दिसलीय. चकाचक आहे, भाव परवडणारा आहे, विकणारा म्हणतो ‘इंजिन एकदम नवीनसारखं’. काय बघू?

तिसरा गिअर:

कॉम्प्रेशनचे सहा आकडे मागा, तेही किती आरपीएमला मोजले त्यासकट, कागदावर. नसतील तर त्यांच्या खर्चाने रोटरीच्या टेस्टरवर मोजून द्यायला सांगा. कॉइल कधी बदलले आणि कुठले, त्याची पावती बघा. कोड रीडर घेऊन जा. सगळ्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर सकाळीच कोणीतरी कोड पुसलेत. आणि तुम्ही पोचण्याआधी त्यांना गाडी चालू करू देऊ नका, पण सौदा ठरवायच्या आधी अर्धा तास चालवून, पूर्ण तापवून, बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करून बघा. थंड असताना सगळ्याच चालू होतात.